कल्लाफबाबांची तलवार

शारजात जून लागला की घरातले नळ उलटे चालायला लागतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंडच्या नळाखाली हात धरवत नाही. मग गीझर बंद करायचा आणि त्यात साठलेलं, घरातल्या एसीने निवलेलं पाणी अंगावर घ्यायचं. म्हणजे गरम पाण्यासाठी गार नळ आणि गार पाण्यासाठी गीझर. नवीन आलेली माणसं पहिल्या आठवड्यात भाजून घेतात आणि मग शहाणी होतात. काल सकाळी मी गीझरचं बटण बंद केलं आणि तिथेच उभी राहिले. उन्हाळ्याला मी घाबरत नाही, त्याला मी सरावले आहे. पण तो एक उन्हाळा घरात येऊन गेल्यापासून हे बटण बंद करायचा दिवस आला की मला अब्बांचं न छापलेलं पुस्तक आठवतं, आणि ते कशासाठी थांबलंय तेही आठवतं.

अब्बा म्हणजे माझे वडील. धंद्याने सुतार. रत्नागिरीकडे खाडीकाठी आमचं गाव आहे, तिथे होड्या बांधणाऱ्यांच्या हाताखाली ते शिकले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेअब्बा, दुबईच्या क्रीकवर, म्हणजे खाडीच्या धक्क्यावर, माल उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. त्यांनी धाकट्याला इकडे आणलं, स्वतःच्या खाटेशेजारी खाट दिली, पहिली कितीतरी वर्षं स्वतःच्या हातचं जेवू घातलं. अब्बांनी आधी लाकडी जहाजांची डागडुजी केली, मग बंगल्यांचे दरवाजे केले आणि शेवटी दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये किचनची कपाटं करत राहिले. एमडीएफला अब्बा लाकूड म्हणत नाहीत, भुशाची भाकरी म्हणतात. म्हातारपणी मोठेअब्बा गावी परतले आणि जमातीचा कारभार बघू लागले. अब्बा इथेच राहिले, आणि अम्मी गेल्यावर शारजात अल नहदाला आमच्या घरी आले.

भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे उन्हाळ्यात बंदी असते. अब्बांचं वर्कशॉप उघड्यावर नव्हतं, पण पत्र्याचं होतं, आणि दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे शिक्षाच. मालक माणूस बरा, त्यानेही दुपारी मशीन बंद ठेवायला सुरुवात केली. पोरं पुठ्ठे अंथरून मोठ्या पंख्यासमोर आडवी व्हायची, गावी बायकोशी बोलता बोलता फोन छातीवर ठेवून झोपायची. अब्बांना दुपारची झोप म्हणजे दुखणं वाटतं. त्यांनी त्या वेळात लिहायला सुरुवात केली. लॅमिनेटच्या गठ्ठ्यात मध्ये मध्ये पिवळट कागद येतो, तो उलटा करायचा आणि सुताराच्या चपट्या पेन्सिलीने त्यावर लिहायचं. टोक मोडलं की पटाशीने तासायचं. संध्याकाळी कंपनीच्या व्हॅनमधून उतरताना डब्याच्या पिशवीत ते कागद असायचे. मी जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये सडून घरी यायची, चहा घ्यायची आणि ते कागद टाइप करायची. माझ्या कीबोर्डमधून अजूनही भुसा निघतो.

लिहायचे काय, तर गावाबद्दल. फुटकी विहीर फुटकी का म्हणायची, ती तर चांगली बांधीव आहे. घोडेखिंडीत घोडा कुणी पाहिला. मशिदीच्या पायरीत बसवलेला नक्षीचा दगड मुळात कुठल्या घराचा. रत्नागिरीच्या एका साप्ताहिकाने दोन-चार लेख छापले आणि अब्बा एकदम लेखक झाले. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना 'दगडवाले चाचा' म्हणायला लागले. आमच्याकडची माणसं सुट्टीवर जाताना परफ्यूम, खजूर, दुधाची पावडर घेऊन जातात आणि येताना आंबे, कोकम, सुके बोंबील आणतात. अब्बांसाठी त्यांना दगडांचे फोटो आणावे लागायचे. साताऱ्याकडचा एक पॉलिशवाला होता, त्याने तर स्वतःच्या गावचे दगड दाखवून दाखवून अब्बांना हैराण केलं. मी चिडायची. हाडं दुखतात म्हणता आणि दुपारभर मान खाली घालून लिहीत बसता, म्हणायची. अब्बा म्हणायचे, हाडं लाकूडकामाने दुखतात बाय, लिहिण्याने नाही.

आता कल्लाफबाबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गावच्या कबरस्तानात, खाडीच्या बाजूला, एक जुनी कबर आहे. तिच्या उशाच्या दगडावर अक्षर नाही, फक्त एक आकृती कोरलेली आहे. एक लांब दांडा आणि टोकाला वळलेलं पातं. ही आमच्या घराण्याच्या मूळपुरुषाची कबर. त्यांना गाव कल्लाफबाबा म्हणतं. कल्लाफ म्हणजे काय, तर खलिफा. अरबस्तानातून मोठा सरदार आला, खलिफाच्या घरातला, त्याने इथे लग्न केलं, आपण त्याची मुलं. लोकांच्या तोंडी खलिफाचं कल्लाफ झालं. आणि दगडावर आहे ती त्यांची तलवार. हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेली आहे. आमच्या घरच्या लग्नपत्रिकांवर वर तलवार छापतात. माझ्या पत्रिकेवरही होती, आणि माझ्या नवऱ्याला, इरफानला, त्याच्या मित्रांनी विचारलं होतं, लग्नाला यायचं की लढाईला. मोठेअब्बांनी गावी परतल्यावर पहिलं काम केलं ते कबरस्तानाला कमान बांधायचं. कमानीवर दोन्ही बाजूंना लोखंडी तलवारी आणि मध्ये नाव, 'खलिफा'. त्या कमानीसाठी त्यांनी चुना-सिमेंट स्वतःच्या डोळ्यांसमोर कालवून घेतलं. फोटो पाठवला तेव्हा अब्बांनी वर्कशॉपमध्ये मिठाई वाटली होती.

आणि गावातली एक रीत. नवी होडी पाण्यात घालायच्या आधी मालक कल्लाफबाबांच्या दगडाला हात लावून येतो. मुसलमान येतात, मासेमारी करणारे खारवी येतात, सगळे येतात. सरदाराचा आणि होडीचा काय संबंध, हे आमच्यापैकी कुणालाही कधी विचारावंसं वाटलं नाही. अब्बांनासुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यात वर्कशॉपमध्ये एक म्हातारे अरब गृहस्थ आले. वडिलांच्या वेळची सागवानी पेटी होती, तिची एक बाजू किडली होती. ती फळी मशीनवर नीट बसेना, म्हणून अब्बांनी ट्रंकेतून आपला वाकस काढला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं जुनं हत्यार, पातं कुदळीसारखं आडवं आणि धार आपल्याकडे वळलेली. हल्ली तो कुणी वापरत नाही. अब्बा पायाच्या अंगठ्याजवळ फळी धरून तासत होते आणि ते गृहस्थ बघत राहिले. मग हसून म्हणाले, "वल्ला, इंता गल्लाफ!"

अब्बांना वाटलं शिवी दिली की काय. वर्कशॉपमधल्या पठाण ड्रायव्हरने हिंदीत समजावलं. तू तर गल्लाफ आहेस, असं म्हणतायत; गल्लाफ म्हणजे जहाजं बांधणारा सुतार. अरब म्हणाले, किताबात क आहे, बोलताना आम्ही ग म्हणतो. कल्लाफ. माझे आजोबा कल्लाफ होते, तुमच्या मलबारातून लाकूड यायचं त्यांच्याकडे.

अब्बा त्या दिवशी व्हॅनची वाट न बघता टॅक्सीने घरी आले. टॅक्सी म्हणजे अब्बांच्या लेखी चैन, त्यामुळे मी दारातच घाबरले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, तो कल्लाफबाबांच्या दगडाचा फोटो काढ, मोठा करून दाखव. मी लॅपटॉपवर फोटो मोठा केला. त्यांनी बरोबर आणलेला वाकस शेजारी धरला. मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी बोटाने दाखवलं आणि मला ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर तिथे तलवार पुन्हा दिसेना. दांडा लांब, पातं आखूड, धार आत वळलेली. आमच्या खलिफाच्या हातात तासायचं हत्यार होतं. माझी मुलगी झारा सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "नाना, दॅट्स सो कूल." अब्बांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "मी त्यांचाच धंदा करतोय गो. एवढी वर्षं मला वाटत होतं, घराण्यात मीच एक खाली उतरलो."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आमच्या घरात अब्बांच्या सुतारकामाबद्दल कुणी वाईट बोललं नव्हतं कधी. पण खलिफाच्या वंशात रंधा मारणारा एकच, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनाही.

अब्बांनी त्याच आठवड्यात तो लेख लिहिला. पुस्तकाचा शेवटचा लेख. रत्नागिरीचा एक छापखानेवाला पुस्तक काढायला तयार होता, तो फक्त या शेवटच्या लेखासाठी थांबला होता. पण मोठेअब्बांना विचारल्याशिवाय घराबद्दल काही छापायचं नाही, हा अब्बांचा शिरस्ता. त्यांनी फोन केला. स्पीकरवर, कारण अब्बांना एका कानाने कमी ऐकू येतं. मोठेअब्बांच्या मागे पावसाचा पत्र्यावरचा आवाज येत होता आणि आमच्या खिडकीबाहेर धुळीने समोरचा टॉवर दिसत नव्हता. अब्बा लहान मुलासारखे भराभर बोलत गेले. दगड, वाकस, होडीवाल्यांची रीत, तो अरब. शेवटी मोठेअब्बा म्हणाले, "म्हणजे आपण सुतार?"

"भाई," अब्बा म्हणाले, "मी सुतारच आहे."

मोठेअब्बांनी फोन ठेवला.

मग जे झालं ते मला आजही सांगवत नाही. भांडण झालं असतं तर मी समजू शकले असते. दोघंही गप्प बसले. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मोठेअब्बांचा फोन यायचा, वर्षानुवर्षं, तो बंद झाला. अब्बा दुपारी फोन समोर ठेवून बसायचे आणि वाजला नाही की म्हणायचे, रेंज नसेल, पावसात टॉवर पडतो. गावचे लोक निरोप द्यायला लागले. कुणी म्हणे, कमान काय आता पाडायची? कुणी म्हणे, पोरीबाळींची लग्नं आहेत, हे काय काढलंय चाचांनी. त्यातच चुलतभावाने कळवलं की मोठेअब्बांच्या किडन्या गेल्यात, डायलिसिसला रत्नागिरीला न्यावं लागतं, आणि ते तिकडे खाटेवर पडून एवढंच बोलतात की त्याला सांगा, छापू नको.

घरात माझं डोकं फिरलं होतं. बाहेर पडावं तर चष्म्यावर वाफ धरते, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं, आणि घरात हे असं. मी अब्बांना म्हटलं, काढून टाका तो लेख, बाकीचं पुस्तक छापा. एका शब्दासाठी भाऊ घालवताय का? झारानेही तेच म्हटलं, इट्स जस्ट अ वर्ड, नाना. इरफान म्हणाला, दोन्ही लिहा, खलिफा पण आणि कल्लाफ पण, लोकांना ठरवू द्या. अब्बा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, होडी बांधताना एक फळी चुकीची बसली हे माहीत असून पुढची कशी ठोकायची? पण छापखान्याला फोन करायलाही त्यांचा हात उचलत नव्हता. जेवण अर्धं टाकायचे. मला दोघांचाही राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची की मोठेअब्बा असेच जातील, न बोलता, आणि अब्बा उरलेलं आयुष्य त्या एका पानाकडे बघत काढतील.

रस्त्याकडेच्या खजुरांच्या घोसांना जाळ्या बांधायचे दिवस होते. हवेत इतका दमटपणा की सकाळी गाडीच्या काचा बाहेरून भिजलेल्या असायच्या. एका शुक्रवारी मी अब्बांना मशिदीतून आणायला गेले होते. ते गाडीत बसले, सीट बेल्ट लावला, आणि फोन वाजला. कॉल नव्हता, मोठेअब्बांचा व्हॉइस मेसेज होता. अब्बांनी फोन माझ्या हातात दिला. "तूच लाव," म्हणाले. मी एसी बारीक केला आणि लावला.

आधी नुसता श्वास. मग तो जुना मुकादमी आवाज, पण पार खोल गेलेला.

"काल कबरस्तानात गेलो होतो. पोरांनी खुर्चीत बसवून नेलं. पाऊस थांबला होता. मी दगडावर हात फिरवला. धार आतल्या अंगाला आहे रे. माझ्या बोटांना लागली. मी क्रीकवर इतकी वर्षं काढली, वाकस काय मला माहीत नाही? मला दिसत होतं. मला बघायचं नव्हतं." पुन्हा श्वास. "तू छाप. पण मी असताना नको. ती कमान मी बांधलीय, तिच्याखालून मला खलिफा म्हणून जाऊ दे. एवढा एक मान ठेव. मी गेलो की छाप."

मागचा गाडीवाला हॉर्न देत होता, त्याला पार्किंग हवं होतं. मी गाडी हलवली नाही. अब्बांनी चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मला तर हायसंच वाटलं होतं. मी म्हणालेसुद्धा, बघा, मानलं त्यांनी, झालं की तुमच्या मनासारखं. अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच कळलं आपण काय बोललो.

"म्हणजे आता पुस्तक केव्हा निघेल, असं मी मनात आणलं," अब्बा म्हणाले, "तर मी कशाची वाट बघतोय, बाय?"

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मोठेअब्बांना फोन केला. काय बोलले मला माहीत नाही, दार लावून घेतलं होतं. पण पुढच्या जुम्म्याला मोठेअब्बांचा फोन नेहमीसारखा आला आणि अब्बांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि तेव्हापासून पुस्तक संपत नाही. संपलेलं पुस्तक अब्बांनी पुन्हा उघडलं. मिठागरांवर एक लेख झाला. मग वल्ह्यांवर. मग गावात कुठल्या झाडाला कुणाचं नाव आहे त्यावर. छापखानेवाला विचारतो, चाचा, झालं का, तर अब्बा म्हणतात, अजून राहिलंय. वर्कशॉपमधून निवृत्त झाले तरी राहिलंय. मागच्या थंडीत अब्बांच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट घातले, त्या हॉस्पिटलच्या खाटेवरसुद्धा माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि म्हणाले, अजून राहिलंय. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलला ते मी अब्बांना सांगितलेलं नाही. त्यांना कळलेलं असणार.

आता मी स्पष्टच लिहिते, कारण कुठेतरी लिहायला हवं. मला ते पुस्तक अब्बांच्या हातात बघायचंय. मुखपृष्ठावर त्यांचं नाव, आत दगडाचा फोटो, त्यांनी त्यावर हात फिरवलेला मला बघायचाय. आणि हे मागायचं म्हणजे काय मागायचं, तेही मला माहीत आहे. ज्या मोठेअब्बांनी मला खांद्यावर बसवून खाडी ओलांडली, ज्यांनी माझ्या लग्नात स्वतः पंगतीत वाढलं, त्यांच्या नावाने मी दुआ करते तेव्हा मध्येच अडखळते. त्यांना उदंड आयुष्य दे म्हणते, आणि मनात अब्बांची छाती दुखते. दोन म्हातारे, एकाच्या किडन्या नाहीत, एकाचं हृदय धड नाही, आणि मध्ये एक शब्द. कोण आधी, हा विचार मी दिवसातून किती वेळा ढकलून देते, देवालाच ठाऊक. ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेली असते, कुणीतरी विचारतं, डेडलाइन काय आहे, आणि मला दरदरून घाम येतो.

परवाच्या जुम्म्याला फोन आला. मी कपडे घडी करत होते, झारा हेडफोन लावून अभ्यास करत होती. गीझर बंद करायची वेळ आली का, असं अब्बा नुकतंच मला विचारत होते. मोठेअब्बांचा आवाज आता इतका बारीक झालाय की स्पीकरवरही कान द्यावा लागतो. हवापाणी झालं. तिकडे अजून पाऊस नाही, इकडे पारा चढलाय. तब्येत, तर अल्हम्दुलिल्ला. मग ते दर वेळी विचारतात ते त्यांनी विचारलं.

"झालं का रे पुस्तक?"

"नाही भाई. अजून राहिलंय."

"आता आणखी काय राहिलंय?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. काहीच राहिलेलं नाही. गावातला एक दगड, एक विहीर, एक झाड शिल्लक राहिलेलं नाही, हे टाइप करणाऱ्या मला माहीत आहे. अब्बा म्हणाले, "वाकसाचा दांडा. कल्लाफबाबांच्या वाकसाचा दांडा कुठल्या लाकडाचा असेल, ते लिहायचंय."

दांडा तर दगडावर कोरलेला, त्याचं लाकूड कोण सांगणार. मग मोठेअब्बा म्हणाले, खैराचा असेल. अब्बा म्हणाले, खैर जड पडतो, हात भरून येतो, शिवणीचा असणार. मोठेअब्बा म्हणाले, तू मला शिकवू नको. मग त्या दांड्यावरून दोघांचं जे जुंपलं ते जुंपलं, खैर की शिवण, ओला की सुकलेला, आणि मोठेअब्बांचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा चढत गेला. मी घडी केलेले कपडे हातात धरून तशीच उभी राहिले. शेवटी त्यांना दम लागला आणि खोकला आला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "बरं. लिही मग सावकाश. मी काही घाई करत नाहीय."

"करूच नको, भाई," अब्बा म्हणाले. "अजून खूप राहिलंय."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पटाशी मागितली आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.